नामदार गोखले यांचा व्यासंग

सन १९०२ च्या मार्च महिन्याची २६ तारीख होती. कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकावर चर्चा चालू होती. सरकारी तिजोरीत कोट्यवधी रुपयांची शिल्लक पडली होती आणि हे देशाच्या भरभराटीचेच लक्षण होय, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. अशा वेळी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील एक तरुण प्राध्यापक बोलण्यास उभे राहिले. त्यांनी आवाज चढविला नाही, की कोणास कठोर शब्द वापरला नाही. सरकारचेच आकडे हाती घेऊन त्यांनी दाखवून दिले की, ही शिल्लक संपन्नतेतून आलेली नाही. ती रयतेवर गरजेपेक्षा अधिक लादलेल्या करांतून साठलेली आहे. लोक दुष्काळाने गांजले असता गरिबाच्या मिठावरही मणामागे अडीच रुपये कर घ्यावा, हे न्यायाचे नव्हे, असे त्यांनी मांडले. हे प्राध्यापक म्हणजेच गोपाळ कृष्ण गोखले.

त्या एका भाषणामागे पंधरा वर्षांची तयारी होती.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. ते तेरा वर्षांचे असतानाच त्यांचे वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून कागल येथे पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा गोपाळास शिक्षणासाठी पाठवू लागले. भावाच्या या त्यागाची जाणीव ठेवून गोपाळाने मन लावून अभ्यास केला. सन १८८४ मध्ये ते बी. ए. झाले आणि पुढे पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प वेतनावर शिक्षक म्हणून राहिले.

पुण्यात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखे गुरू लाभले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम रानड्यांनी गोखल्यांवर सोपविले. सरकारी अहवाल वाचावेत, त्यांतील आकडे तपासावेत, रयतेची गाऱ्हाणी समजून घ्यावीत आणि मग सरकारकडे पाठवावयाचा अर्ज लिहावा, असे ते काम होते. ज्या अर्जातील एक आकडा चुकतो, त्या अर्जातील सारे खरे गाऱ्हाणेही वाया जाते, हे गोखले या कामात शिकले. बाहेर टाळ्या मिळविणारी भाषणे होत असता हा तरुण रुक्ष अहवालांच्या ढिगाऱ्यात बसून अभ्यास करीत राहिला.

या अभ्यासाची पहिली मोठी कसोटी सन १८९७ मध्ये लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. त्या वेळी त्यांना एकतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. गणेश व्यंकटेश जोशी या आकडेशास्त्रात निष्णात असलेल्या शिक्षकाच्या साहाय्याने त्यांनी आपली साक्ष तयार केली होती. कमिशनच्या सभासदांनी त्यांची कसून उलटतपासणी केली. पण गोखले डगमगले नाहीत.

परंतु त्याच मुक्कामात त्यांच्या हातून एक चूक घडली. पुण्यात प्लेगची साथ होती व घरांची झडती गोरे शिपाई घेत होते. शिपायांनी अत्याचार केल्याची पत्रे गोखल्यांस पुण्याहून आली. पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनी हे गंभीर आरोप विलायतेतील वर्तमानपत्रात प्रसिद्ध केले. ते परत येताच सरकारने पुरावा मागितला. तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणीही पुढे येईना. जे सिद्ध करता येत नाही, ते मागे घेणे हेच सत्यास धरून आहे, असे ठरवून गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यांना भित्रे ठरविण्यात आले. स्वकीयांनीही दूषणे दिली. गोखल्यांच्या मनास फार यातना झाल्या. पण त्यांनी आपले काम सोडले नाही. पाच वर्षांनी कलकत्त्यास जे गोखले उभे राहिले, त्यांच्या हाती कोणी नाकारू शकणार नाही असा सरकारचाच हिशेब होता.

पुढे मिठावरील कर सन १९०३ मध्ये दोन रुपये आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. याचे सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे. तथापि वर्षामागून वर्षे अंदाजपत्रकाचा अभ्यास करून त्यांनी हा प्रश्न धसास लावला. त्यांचे प्रत्येक म्हणणे मान्य झाले असेही नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी त्यांनी सन १९११ मध्ये आणलेले विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झाले.

सन १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथे हिंदी लोकांच्या हक्कांसाठी गांधीजी झगडत होते. तेथील सरकारच्या मंत्र्यांस भेटावयाचे होते. गोखल्यांनी गांधीजींकडून सर्व प्रश्नांचे टिपण करवून घेतले, बारीकसारीक शंका विचारल्या आणि रात्र जागून तयारी केली. गांधीजींनी त्यांस आपले राजकीय गुरू मानले. सन १९१५ च्या जानेवारीत गांधीजी मायदेशी परतले, तेव्हा एक वर्ष देश हिंडून पाहावा व तोवर सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये, असा सल्ला गोखल्यांनी त्यांना दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखल्यांचे पुण्यास निधन झाले. त्यांनी सन १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजातही नव्या सभासदास प्रथम पाच वर्षे अभ्यास व सेवा यांचे शिक्षण घ्यावे लागे.

मुलांनो, दुसऱ्यांच्या वतीने बोलावयास उभे राहणे हा मोठा मान आहे. पण ती मोठी जबाबदारीही आहे. गोखल्यांनी ती जबाबदारी अभ्यासाने पेलली, आणि एकदा चूक झाली तेव्हा ती कबूल करूनही पेलली. म्हणूनच त्यांच्या शब्दाला राज्यकर्त्यांच्या सभेतही वजन होते.