पोथ्यांचा पाठीराखा

माळ्यावरचे जुने बासन सोडावे आणि आतील पोथीची पाने कसरीने चाळणीसारखी झालेली दिसावीत, असा अनुभव एके काळी महाराष्ट्रात अनेक घरी येत असे. पोथी हाताने लिहिलेली असते. तिची दुसरी प्रत कोणी करून ठेवली नसेल, तर पोथीबरोबर तिच्यातील ग्रंथही कायमचा नाहीसा होतो. असे दुर्मिळ ग्रंथ वाचावेत म्हणून ज्यांनी अविरत श्रम केले, त्यांत यवतमाळचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांचे नाव आदराने घेतले जाते.

यशवंतरावांचा जन्म १८८४ साली झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकील झाले. यवतमाळ हे कापसाच्या व्यापाराचे गाव. विद्येची मोठी केंद्रे तेथून दूर होती. तथापि यशवंतरावांचे मन इतिहासात रमले होते आणि आपल्या वऱ्हाडातच एक मोठे धन दडलेले आहे, हे त्यांनी ओळखले होते.

ते धन म्हणजे महानुभाव पंथाचे ग्रंथ होत. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी लोकांच्या मराठी भाषेत उपदेश केला. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र रचले. पंथाची परंपरा असे सांगते की, पुढे एका धाडीत या ग्रंथाची मूळ पोथी नष्ट झाली आणि शिष्यांना तो आठवणीतून पुन्हा लिहून काढावा लागला. एकुलती एक पोथी गमावणे म्हणजे काय, हे त्या पंथाने फार पूर्वीच सोसले होते.

म्हणूनच पंथाने आपले ग्रंथ जिवापाड जपले. ते अनधिकारी माणसाच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या योजण्यात आल्या. सकळ, सुंदरी अशी त्यांची नावे आहेत. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर लिहीत. संकेत ठाऊक नसलेल्या माणसाला पोथी उघडूनही तिचा अर्थ लागत नसे. यामुळे ग्रंथ सुरक्षित राहिले, परंतु मराठी समाज त्यांना पारखा झाला. न वाचलेल्या ग्रंथांविषयी गैरसमजही पुष्कळ पसरले.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी या लिपीचे कोडे उलगडले. कुलूप उघडले, पण कोठारातील ग्रंथ अजून पाहावयाचे होते. कोणता ग्रंथ कोणाचा, कोणत्या काळचा, त्याचा कोणता पाठ शुद्ध, हे सारे ठरवावयाचे होते. हे काम यशवंतरावांनी चिकाटीने केले. पोथी मिळवणे हे पैशाचे काम नव्हते. ज्या मठाने ती शतकानुशतके जपली, त्याचा विश्वास आधी संपादन करावा लागे. आणि पोथी मिळाल्यावर तिची पारख करावी लागे. पुराव्याखेरीज काहीही मान्य न करण्याची वकिलाची शिस्त येथे उपयोगी पडण्यासारखी होती.

या अभ्यासातून १९२५ साली त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अज्ञात असलेल्या अनेक ग्रंथकारांची ओळख त्यामुळे वाचकांना झाली.

एका माणसाने जमविलेला संग्रह त्याच्यामागे विखुरला जातो, हे यशवंतराव जाणून होते. म्हणून त्यांनी यवतमाळ येथे ‘शारदाश्रम’ ही संस्था उभी केली. तेथे जुन्या पोथ्यांना आसरा मिळाला आणि अभ्यासकांना त्या वाचावयास मिळू लागल्या. जे धन मठांच्या बासनांत होते, ते आता सर्वांचे झाले.

१९७० साली यशवंतरावांचे देहावसान झाले. पुढे २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेचे प्राचीनत्व नुसत्या अभिमानाने सिद्ध होत नाही. त्याला जुन्या ग्रंथांची साक्ष लागते. ती साक्ष वेळीच जपणाऱ्यांत यवतमाळचे हे वकील होते. घरात एखादे जुने बासन आढळले, तर ते रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा सोडून पाहावे. त्यांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.