काच, ॲसिड आणि हॅरी क्लार्क

हायड्रोफ्लोरिक ॲसिड काच खातं, हे आपण सगळ्यांनी केमिस्ट्रीच्या पेपरापुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. मित्रांनो, डब्लिनच्या एका पठ्ठ्याने या एवढ्याशा गोष्टीतून चर्चच्या खिडक्या घडवल्या. त्याचं नाव हॅरी क्लार्क.

जन्म १७ मार्च १८८९ चा. वडिलांचा चर्च सजवण्याचा धंदा, म्हणजे वर्कशॉप घरचंच. काम सांभाळून संध्याकाळी आर्ट स्कूल. १९११ ते १९१३, सलग तीन वर्षं ब्रिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक! (आपल्याकडे केटी न लागता वर्ष सुटलं तरी पेढे वाटतात.)

मला भुरळ घातली ती त्याच्या पद्धतीने. एरवी रंगीत खिडकीत प्रत्येक रंगाचा वेगळा तुकडा कापायचा आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे. क्लार्क साध्या काचेवर रंगाचा पातळ थर असलेली काच घ्यायचा. रंग राखायचा तिथे मेण, बाकीचा भाग ॲसिडच्या हवाली. पुन्हा मेण, पुन्हा ॲसिड. एकाच तुकड्यात गडद लालपासून पार फिक्या गुलाबीपर्यंत छटा! कॉर्क शहरात युनिव्हर्सिटी कॉलेजला लागूनच होनन चॅपेल आहे. तिथे १९१५ ते १९१७ मध्ये त्याने अकरा खिडक्या केल्या. त्यातली संत गोबनेट म्हणजे मधमाश्या पाळणाऱ्यांची कैवारी. तिच्या माश्या चोरांच्या मागे लागल्यात, बिचारे सैरावैरा पळतायत. देवळाच्या कामात एवढा खट्याळपणा!

१९२१ साली वडील गेले. सगळा व्याप हॅरी आणि भाऊ वॉल्टरवर आला. ऑर्डरींचा ढीग आणि त्यात हॅरीला क्षय. अशातच आयरिश सरकारने जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला भेट द्यायला त्याच्याकडून एक खिडकी करून घेतली. विषय, आयरिश लेखकांच्या कलाकृती. १९३० मध्ये ती पुरी झाली आणि सरकार बिथरलं. एका चौकटीत झिरझिरीत वस्त्रातली नर्तकी होती ना! खिडकी जिनिव्हाला गेलीच नाही. पैसे तर चुकते केले, मग तक्रार कसली, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. मरणाच्या दारातला माणूस काय फक्त बिलासाठी राबत होता?

दावोसच्या सॅनेटोरियममधून घरी निघालेला क्लार्क ६ जानेवारी १९३१ रोजी वाटेतच, स्वित्झर्लंडमधल्या कूर गावी गेला. वय अवघं ४१. तिथल्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षांनी त्याची कबरही मोडली गेली. बायको मार्गारेट स्वतः चित्रकार. तिने सरकारचे पैसे परत करून ती खिडकी सोडवून आणली. पुढे ती अमेरिकेत गेली, मायामी बीचच्या वुल्फसोनियन म्युझियममध्ये.