दातांच्या किटणात सृष्टी पाहणारा कापडवाला

लंडनच्या रॉयल सोसायटीकडे १७ सप्टेंबर १६८३ या तारखेचे एक विलक्षण पत्र आले. पत्रलेखक होता हॉलंडमधील डेल्फ्ट शहराचा रहिवासी अँटनी व्हान लेव्हेनहूक आणि विषय होता त्याचे स्वतःचे दात. रोज सकाळी मिठाने दात घासण्याचा व जेवणानंतर दाढा कोरून फडक्याने पुसण्याचा त्याचा शिरस्ता होता. तरीही दाढांच्या फटीत पिठाच्या खळीसारखे पांढरे किटण साचते, हे त्याने आरशात पाहिले. ते पावसाच्या पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली धरले, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. काही माशासारखे सुळकन जात होते, काही भोवऱ्यासारखे गिरक्या घेत होते. एका माणसाच्या तोंडात अख्ख्या देशाच्या लोकसंख्येहून अधिक जीव राहतात, असा हिशेब त्याने मांडला.

या माणसाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. विद्वानांची भाषा असलेले लॅटिनही त्याला येत नव्हते. सारी पत्रे त्याने डच भाषेत लिहिली. २४ ऑक्टोबर १६३२ रोजी डेल्फ्टमध्ये एका टोपल्या विणणाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. वडील लवकर वारले. वयाच्या सोळाव्या वर्षी अॅमस्टरडॅमच्या एका कापड दुकानात तो उमेदवारी करू लागला आणि १६५४ मध्ये गावी परतून त्याने स्वतःचे दुकान थाटले. १६६० पासून नगर कचेरीतील दालनाची व्यवस्था पाहण्याची नोकरीही त्याला मिळाली. घरी मात्र सुख कमीच लाभले. पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली आणि १६६६ मध्ये पहिली पत्नी बार्बरा निवर्तली. याच शहरात आणि याच वर्षी जन्मलेला थोर चित्रकार व्हर्मीर कर्ज मागे ठेवून वारला, तेव्हा १६७६ मध्ये त्याच्या मालमत्तेचा विश्वस्त म्हणून लेव्हेनहूकचीच नेमणूक झाली होती.

कापडाची वीण तपासण्यासाठी भिंग वापरणे हा त्या धंद्याचा भागच होता. लेव्हेनहूकला मात्र भिंगाचे वेड लागले. पितळेच्या दोन पट्ट्यांमध्ये बसविलेले एक चिमुकले भिंग, समोर पदार्थ टोचण्यासाठी सुई आणि ती हलविण्यासाठी स्क्रू, एवढाच त्याचा सूक्ष्मदर्शक. तळहातावर मावणारे हे उपकरण डोळ्याला अगदी भिडवून पाहावे लागे. आज उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत प्रभावी नमुना वस्तू सुमारे २६६ पट मोठी दाखवितो.

१६७३ मध्ये डेल्फ्टचा वैद्य रेनिए द ग्राफ याने त्याची ओळख रॉयल सोसायटीला करून दिली. १६७६ च्या ऑक्टोबरमध्ये मिऱ्यांच्या पाण्यातील सूक्ष्म जीवांविषयी त्याने कळविले, तेव्हा मात्र लंडनचे विद्वान साशंक झाले. साहजिकच होते, इतरांच्या भिंगांना ते जीव दिसतच नव्हते आणि आपली भिंगे घडविण्याची रीत सांगायला हा गृहस्थ तयार नव्हता. अखेर धर्मोपदेशकांसह आठ प्रतिष्ठितांच्या साक्षी त्याने लंडनला पाठविल्या. नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूकला स्वतःच्या सूक्ष्मदर्शकातून ते जीव दिसले आणि एका दुकानदाराची अब्रू वाचली. १६८० मध्ये सोसायटीने त्याला सदस्यत्व दिले.

दातांच्या पत्रातील खरी मौज पुढेच आहे. हे जीव मारावेत म्हणून लेव्हेनहूकने तीव्र शिरका तोंडात धरून खळखळून चूळ भरली. नंतर किटण तपासले, तर जीव तसेच जिवंत. तेच किटण बाहेर काढून त्यात शिरका मिसळताच मात्र ते मेले. शिरका थराच्या आत पोहोचत नाही, केवळ बाहेरचे जीव मारतो, असा निष्कर्ष त्याने काढला. १६९२ मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा पुढच्या दातांवरचे जीव मेलेले आढळले. त्याचे श्रेय त्याने आपण पीत असलेल्या कढत कॉफीला दिले. मागच्या दाढांमधले जीव खुशाल होते.

जीवाणू सुटे न राहता वस्ती करतात आणि स्वतःच स्रवलेल्या चिकट आवरणात सुरक्षित राहतात, हे विज्ञानाच्या नीट लक्षात यायला त्यानंतर जवळजवळ तीन शतके गेली. बिल कॉस्टरटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले. अशा वस्तीला आज बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात. शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचे हे आवरण असते. मूत्रमार्गातील नळी, कृत्रिम सांधा, हृदयाची कृत्रिम झडप यांवर असा थर बसला की प्रतिजैविके निष्प्रभ ठरतात आणि पुष्कळदा ती वस्तूच काढून टाकावी लागते. ओढ्यातील दगडांवरचा बुळबुळीत थरही याच जातीचा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत दगडांवर मुद्दाम वाढविलेला असाच थर घाण खाऊन पाणी स्वच्छ करतो. लेव्हेनहूकला मात्र या जीवांचा रोगाशी संबंध असेल, असे वाटले नव्हते.

कीर्ती अफाट झाली. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर त्याला भेटून गेला. नव्वदाव्या वर्षीही छातीखालच्या पडद्याला येणाऱ्या स्वतःच्याच झटक्यांचे वर्णन तो लंडनला कळवीत होता. २६ ऑगस्ट १७२३ रोजी त्याचे निधन झाले. मारियाने वडिलांच्या इच्छेनुसार २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक रॉयल सोसायटीला पाठविले; एकोणिसाव्या शतकात ते गहाळ झाले. उरलेल्यांचा १७४७ मध्ये लिलाव झाला. जन्मभर जपलेल्या गुपिताचा छडा लावण्यासाठी संशोधकांनी उत्रेख्तमधील सूक्ष्मदर्शक न फोडता न्यूट्रॉन किरणांनी तपासला. २०२१ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष असा, की ते भिंग काच वितळवून केलेला एक गोल मणी होता. ही कृती रॉबर्ट हूकने लेव्हेनहूकच्या हयातीतच छापून प्रसिद्ध केली होती.