कलकत्त्याचे क्लब मोठे, पण गुरू हैदराबादचा : फुटबॉलचे रहीमसाहेब

बीड : आपला बीड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे जुन्या माणसांसमोर हैदराबादचं नाव काढलं की निजाम, रझाकार आणि पोलीस ॲक्शनच्या गोष्टी निघतात. पण त्याच हैदराबादेत, त्याच धामधुमीच्या काळात एक शाळामास्तर देशाचा फुटबॉल घडवत होता, हे आपल्या भागात फारसं कुणी सांगत नाही. त्यांचं नाव सय्यद अब्दुल रहीम. २०२४ साली अजय देवगणचा 'मैदान' हा सिनेमा त्यांच्यावरच आला आणि नव्या पोरांना हे नाव कळलं. सिनेमात भर भारतीय संघावर आहे. हैदराबाद पोलिसांच्या संघात त्यांनी जे काम केलं, ते मात्र तितकंच मोठं आहे.

शाळेतून मैदानावर

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, तिथेच फुटबॉल खेळले आणि पुढे शाळेत शिक्षक झाले. शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षणही त्यांनी घेतलं. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. नंतर हैदराबाद सिटी पोलीस संघाचं प्रशिक्षण त्यांच्याकडे आलं. ही दोन्ही कामं त्यांनी मरेपर्यंत सोडली नाहीत.

दोन ठिकाणच्या नोकऱ्या

त्या काळी फुटबॉलची पंढरी म्हणजे कलकत्ता. १८८९ चा मोहन बागान, १८९१ चा मोहमेडन स्पोर्टिंग आणि १९२० चा ईस्ट बंगाल, हे तिथले तीन मोठे क्लब. आपसात हाडवैर. बागान आणि ईस्ट बंगालची मॅच असली की शहराचे दोन तट पडायचे. अशा क्लबचा प्रशिक्षक होणं म्हणजे मानाची जागा. हाताशी पैसा, मैदानावर हजारो माणसं आणि देशभरातून निवडून आणलेले खेळाडू. दोष एकच, वैऱ्याकडून हरलं की माणसाची खैर नाही. तयार खेळाडू लगेच जिंकून दाखवायचे, नवीन पोरगं घडवायला सवड कुठली?

हैदराबादची जागा याच्या अगदी उलटी. संघ पोलीस खात्याचा, खेळाडू खात्यात नोकरीला. बाहेरून नामवंत खेळाडू विकत आणायची सोय नाही. गल्लीतून, मैदानातून पोरगं शोधायचं, त्याला शिकवायचं आणि नोकरीला लावायचं. म्हणजे बी पेरण्यापासून सगळं घरचंच. पण इथे मास्तरला वेळ मिळायचा, आणि रहीमसाहेबांनी तो वेळ पुरेपूर वापरला.

पोरांना दोन्ही पायांनी खेळता यावं म्हणून त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, जिथे फक्त कमजोर पायानेच बॉल मारायचा. काही स्पर्धांत बॉल घेऊन एकट्याने पळायला मनाई, पास देणं भाग. एकट्याच्या करामतीवर मॅच निघत नाही, हे त्यांनी बोलून नाही तर खेळवून शिकवलं. सिकंदराबादच्या गरीब घरातला तुलसीदास बलराम त्यांच्या नजरेला पडला. सरावाला यायला पोराकडे पैसे नाहीत म्हटल्यावर सायकलच्या भाड्याचे पैसे रहीमसाहेबांनीच दिले, असं सांगतात. तोच बलराम पुढे भारताचा मोठा फॉरवर्ड झाला.

याचं फळ लवकरच दिसलं. मुंबईच्या रोव्हर्स कपवर हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं नाव कोरलं. १९५० च्या ड्युरँड कपच्या फायनलला त्यांनी खुद्द मोहन बागानला हरवलं. ड्युरँड पुन्हा १९५४ आणि १९५७ मध्ये जिंकला. हैदराबाद राज्याच्या संघाने संतोष ट्रॉफीही लागोपाठ दोनदा नेली. पोलीस शिपायांच्या संघाने कलकत्त्याच्या श्रीमंत क्लबांना घाम फोडला.

तिसरी जागा, देशाची

भारतीय संघाची जबाबदारीही रहीमसाहेबांवर आली. १९५१ च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये भारताने फायनलला इराणला १-० ने हरवून सुवर्ण मिळवलं. पण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असा सडकून मार दिला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

रहीमसाहेब या पराभवाने खचले नाहीत. १९५३ मध्ये हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच वेम्बली मैदानावर ६-३ ने लोळवलं होतं. त्या हंगेरीच्या खेळाचा त्यांनी अभ्यास केला आणि मधला फॉरवर्ड थोडा मागे ठेवून खेळायची पद्धत आपल्या पोरांना शिकवली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवलं. त्यात तीन गोल नेव्हिल डिसोझाचे, मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा. भारत सेमीफायनलला गेला आणि चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एवढी मजल भारताने पुन्हा कधी मारली नाही.

१९६२ चं जकार्ता एशियाड म्हणजे त्यांची शेवटची लढाई. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ न दिल्याच्या वादात एका भारतीय पदाधिकाऱ्याने आवाज उठवला होता. त्यामुळे तिथलं पब्लिक भारतावर खवळलेलं. भारत पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून ०-२ ने हरला. पण पुढे थायलंड, जपान आणि दक्षिण व्हिएतनामला मागे टाकून संघ फायनलला पोचला. डिफेन्समधल्या जर्नेल सिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवलं नाही, उलट फॉरवर्डला खेळवलं. ४ सप्टेंबर १९६२ ला फायनलमध्ये त्याच दक्षिण कोरियाला भारताने २-१ ने हरवलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेलचा. एशियाडमधलं फुटबॉलचं सुवर्ण भारताला त्यानंतर आजपर्यंत मिळालेलं नाही.

पुढे नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी कॅन्सरने रहीमसाहेब गेले. वय अवघं ५३.

मागे काय उरलं

त्यांच्या माघारी दोन्हीकडची गोष्ट बघण्यासारखी आहे. हैदराबादचा फुटबॉल काही वर्षं टिकला, मग हळूहळू मागे पडला. चांगले खेळाडू पैशासाठी आणि नावासाठी कलकत्त्याला जायचे, ते तर रहीमसाहेब असतानाच सुरू झालं होतं. बलरामसुद्धा ईस्ट बंगालला गेलाच. गेलेल्याच्या जागी नवीन पोरगं तयार करणारा मास्तर होता तोवर निभावलं. तो गेल्यावर ती जागा कागदावर राहिली, पण काम थांबलं.

कलकत्त्यात मात्र रहीमसाहेबांचंच शिक्षण दुसऱ्या वाटेने पोचलं. त्यांच्या हाताखाली खेळलेले पी. के. बॅनर्जी १९७२ मध्ये ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले आणि १९७६ मध्ये थेट वैऱ्याच्या घरी, मोहन बागानला गेले. दोन्हीकडे ते जिंकले. ज्या क्लबांना गुरूने हैदराबादेतून टक्कर दिली, त्यांनाच शिष्याने शिकवलं.

आपल्या तालुक्यांत आज पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळेसुद्धा सैन्यात गेल्यावरच मोठा धावपटू झाला. अंगात दम आपल्या पोरांच्या आहेच. तो दम ओळखणारा माणूस शाळेत, गावात भेटला तर वाट लवकर सापडते. रहीमसाहेब पगाराने शाळामास्तर आणि काम पोलिसांच्या मैदानावर, एवढंच त्यांचं भांडवल होतं. शाळेतला पी.टी.चा तास रिकामा ठेवताना किंवा त्या तासाला गणित घेताना हे लक्षात ठेवलेलं बरं.