पंडिता रमाबाई आणि बायबलचा ग्रंथसंग्रह

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. स्त्रीला संस्कृत वर्ज्य मानण्याच्या त्या काळात आईवडिलांनी त्यांना ती भाषा शिकविली. पुढे दुष्काळात मातापित्यांचे छत्र हरपले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना आश्रय देत असताना त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांवरून बायबलचा सुबोध मराठी अनुवाद हाती घेतला.

बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्यानंतर कितीतरी लिखाणे निरनिराळ्या मंडळ्यांत वाचली जात. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची नेमकी यादी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या इ.स. ३६७ च्या पत्रात. जुन्या कराराविषयी मात्र मतभेद उरला. केवळ ग्रीक संग्रहातील सात पुस्तके कॅथलिकांनी १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत कायम केली. प्रॉटेस्टंटांनी हिब्रू संग्रहच प्रमाण मानला. म्हणून एका पंथाकडे ७३ पुस्तके, तर दुसऱ्याकडे ६६.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचा अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कुरआनच्या अनुवादाशेजारी मूळ अरबी वचन आपल्या घरोघरी असते. रमाबाईंना मूळ शब्दापर्यंत पोहोचण्यासाठी उतारवयात दोन परक्या भाषा शिकाव्या लागल्या. श्रद्धेचा मार्ग भिन्न असला, तरी ही ज्ञाननिष्ठा आदरास पात्र आहे. आणि घरातील मूळ वचन समजून न घेणाऱ्यास ती अंतर्मुख करणारी आहे.