रघुनाथ धोंडो कर्वे : एका सल्लागाराचे चरित्र

ज्या दुःखाविषयी घरात बोलता येत नाही आणि वैद्यापुढेही शब्द फुटत नाहीत, अशा दुःखाला मराठी नियतकालिकात उत्तर देण्याचे कार्य रघुनाथ धोंडो कर्वे यांनी आयुष्यभर केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र १४ जानेवारी १८८२ रोजी जन्मले. त्यांचा विषय गणित. त्याच्या अध्ययनासाठी ते पॅरिसलाही जाऊन आले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते अध्यापन करीत. परंतु संततिनियमनाचा उघड पुरस्कार आणि ही नोकरी यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघू लागले. त्यातील प्रश्नोत्तरे हा वैयक्तिक सल्ल्याचा एक स्वतंत्र प्रकारच म्हणावा लागेल. त्यात अनेक पद्धती एकत्र आलेल्या दिसतात. शरीरशास्त्राची माहिती देऊन अज्ञान दूर करणे ही पहिली. भीतीच्या मुळाशी असलेली समजूत तर्काच्या कसोटीवर घासून पाहणे ही दुसरी. आणि नैसर्गिक प्रवृत्तीला चिकटलेली पापभावना सैल करणे ही तिसरी. समजूत बदलली की भावनाही बदलते, या तत्त्वावर अल्बर्ट एलिस यांनी अमेरिकेत आपली विवेकाधिष्ठित उपचारपद्धती मांडली ती १९५५ च्या सुमारास, म्हणजे कर्वे यांच्या निधनानंतर. या दोहोंत गुरुशिष्यसंबंध नाही. साम्य आहे ते विचाराच्या दिशेचे.

या सल्ल्याची किंमत मोठी होती. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरेच आरोपाचा विषय होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही निकाल विरुद्ध जाऊन २०० रुपये दंड झाला. पत्नी मालतीबाईंनी स्वतः अर्थार्जन करून संसाराचा भार उचलला. अपत्य होऊ न देण्याचा निर्णय उभयतांचा होता; उपदेश आणि आचरण यांत त्यांनी अंतर पडू दिले नाही.

या सल्ल्याला मर्यादाही होती. बुद्धीला पटलेले सत्य मनाला लगेच पेलतेच असे नाही, आणि छापील उत्तराला पृच्छकाचा चेहरा दिसत नाही. प्रत्यक्ष संवादात ऐकून घेण्याला जे स्थान असते, ते येथे प्रतिपादनाने व्यापले. तथापि लज्जेने मिटलेल्या माणसाला प्रश्न विचारण्यास भाषा मिळाली, हे या लेखनाचे वाङ्मयीन मोलही होय. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे निवर्तले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि सव्वीस वर्षांहून अधिक काळ चाललेले ‘समाजस्वास्थ्य’ थांबले.