शंतनुराव किर्लोस्कर आणि विहिरीवरचे इंजिन

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा या आपल्या पट्ट्यात एखाद्या जुन्या संत्राबागेत गेलात, तर विहिरीच्या काठाशी बहुधा सिमेंटचा एक चौथरा दिसतो. त्यातून चार बोल्ट वर आलेले असतात आणि भोवतीची माती तेलाने काळी पडलेली असते. गावात लाईन आली, विजेचे पंप बसले, तशी बऱ्याच ठिकाणची डिझेल इंजिने उतरली आणि चौथरे राहिले. काही घरी मात्र ते इंजिन अजून गोठ्याच्या कोपऱ्यात आहे आणि हँडल मारले की सुरू होते. लग्नसमारंभात, गणपतीच्या मंडपामागे, लाईन गेली की त्याचेच भाऊबंद जनरेटर होऊन धडधडतात. हे इंजिन आपल्या बांधापर्यंत आणणाऱ्यांमध्ये ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, त्या शंतनुराव किर्लोस्करांची ही थोडक्यात ओळख.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूरला झाला. वडील लक्ष्मणराव मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले, पण काही रंग ओळखता येत नसल्याने चित्रकलेचा नाद सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. बेळगावात त्यांनी भावासोबत सायकलींचे दुकान काढले. दुरुस्ती करता करता हात यंत्रावर बसला आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार झाले. लोखंडाने जमीन नासते, अशी तेव्हाच्या शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले नांगर विकायला फार काळ लागला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर जमीन दिली. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे होते. निवडुंगाच्या माळावर भट्टी पेटताना आणि नांगर ओतले जाताना पाहत ते मोठे झाले.

वडिलांचे यंत्रज्ञान स्वतःच्या धडपडीतून आलेले होते. मुलाने मात्र शास्त्रशुद्ध शिकावे, असे त्यांनी ठरवले. शंतनुराव अमेरिकेला गेले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून १९२६ साली यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. परदेशात शिकलेला तरुण मोठ्या शहरात नोकरी शोधता, पण ते किर्लोस्करवाडीला आले. शेतकऱ्याला परवडेल असा पंप, उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र अशी कामे तिथे चालू होती. थोड्याच वर्षांत जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, आणि शेतकरी मोडला की त्याच्या अवजारांचा कारखानाही अडचणीत येतो, हा धडा त्यांना जवळून मिळाला.

ज्या घरांत एके काळी किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर ही मासिके येत, त्यांना या कुटुंबाची दुसरी बाजू ठाऊक आहेच. ती मासिके शंतनुरावांचे चुलतभाऊ शंकरराव यांनी चालवली. एका भावाने छापखाना सांभाळला, दुसऱ्याने यंत्रशाळा.

१९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला मैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली आणि लेथ तयार होऊ लागले. ज्या यंत्रावर इतर यंत्रे घडतात ते यंत्रच आपल्याकडे बनू लागल्यावर पुढची वाट मोकळी झाली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि शंतनुरावांनी तिची धुरा घेतली. तांत्रिक साहाय्य ब्रिटिश कंपन्यांचे होते. काम मात्र मोठे जोखमीचे होते. देशात तोवर बहुतेक डिझेल इंजिने परदेशातून येत आणि ती चांगली अशी लोकांची खात्री होती. नव्या देशी इंजिनावर शेतकऱ्याने पैसे का घालावेत, हा नांगराच्या वेळचाच प्रश्न पुन्हा समोर होता.

कंपनी रांगत होती तोच १९४८ साल उजाडले. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ३८ वर्षांत उभे केलेले डोळ्यांदेखत जळाले. कारखाना पुन्हा उभारायचा आणि खडकीचे नवे कामही बंद पडू द्यायचे नाही, असा तो काळ होता. किर्लोस्करवाडी पुन्हा चालू झाली, खडकीचे इंजिनही बाजारात आले. लक्ष्मणराव १९५६ साली गेले, तोवर त्यांनी हे दोन्ही पाहिले होते.

या इंजिनांपैकी एव्ही-१ हे आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे. एकच सिलिंडर, ८० मिलिमीटरचा बोअर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक, ताकद ५ हॉर्सपॉवर आणि मिनिटाला १५०० फेरे. बॅटरी नाही, सेल्फ नाही. डीकम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल फिरवून गती द्यायची आणि खटका सोडायचा. सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हेच तत्त्व वापरून १८९७ साली आउग्सबुर्गला पहिले यशस्वी इंजिन चालवले होते. विहिरीवर ते थंड राखण्याचे पाणीही पंपाच्याच धारेतून येई. १५०० फेऱ्यांचा आणखी एक फायदा होता. चार पोलचा अल्टरनेटर याच गतीने फिरवला की बरोबर ५० हर्ट्झची वीज मिळते. त्यामुळे विहिरीवरचे इंजिन आणि जनरेटरचे इंजिन एकाच घराण्यातले राहिले. गावातल्या मिस्त्रीला दोन्ही उघडता येत.

आपल्या भागात याचे मोल संत्र्यावरून कळते. आंबिया बहारासाठी झाडांना ताण दिला, की जानेवारीत ठरल्या वेळी ओलीत झालेच पाहिजे. त्या आठवड्यात पाणी चुकले तर वर्षाचा बहार चुकतो. अशा वेळी विहिरीवरचे इंजिन चालू होणे म्हणजे घरातल्या मुलीचे लग्न वेळेवर होणे.

शंतनुराव पुढे मोठ्या इंजिनांकडे वळले. १९६२ साली अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली. परदेशात माल विकला गेला तरच आपला दर्जा सिद्ध होतो, अशा विचाराने त्यांनी निर्यातीवर भर दिला. परवाने आणि नियंत्रणांच्या सरकारी धोरणावर ते उघड टीका करत आणि नफा कमावणे यात लाजण्यासारखे काही नाही असे मानत. त्यामुळे ते सगळ्यांनाच आवडले असे नाही. १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. कॅक्टस अँड रोझेस हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र. २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, २००३ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

कारखान्यातून निघालेल्या इंजिनाचे पुढचे आयुष्य मात्र मालकाच्या हाती असते. आपल्यातल्या कित्येक घरी आजही डिझेल अँबॅसेडर, पद्मिनीची डिझेल गाडी, महिंद्राची प्यूजो इंजिनाची जीप किंवा जुना जनरेटर उभा आहे. त्यांच्यासाठी मिस्त्री लोकांचे चार अनुभव.

धूर पाहायला शिकावे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर आणि नोझल तपासावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला तर नोझल नीट फवारत नाही, किंवा हेड गॅस्केटमधून पाणी आत येते. गाडी थांबून राहत असेल तर टाकीत पाणी जमते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून ते काढावे. डिझेलच्या नळीत एअर घेतली तर इंजिन चालत नाही. तेव्हा हातपंपाने एअर काढावी, सेल्फ मारत बॅटरी संपवू नये.

जनरेटरला बेताचे काम द्यावे. क्षमतेच्या एक तृतीयांशाहून कमी लोडवर तासन्तास चालवले, की सिलिंडर पुरेसा तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये काजळी व कच्चे डिझेल साचते. विहिरीवरच्या इंजिनालाही हेच लागू आहे. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागले पाहिजे. फार थंड चालले तर डिझेल जास्त जाते आणि बोअर लवकर झिजतो. महिन्यातून एकदा अर्धा तास लोडवर चालवलेले इंजिन गणपतीत दगा देत नाही.

आणि एक गोष्ट जिवाची. जनरेटर घराच्या लाईनला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर आपली वीज उलटी खांबावर जाते आणि लाईन बंद आहे असे समजून वर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते. बंद खोलीत जनरेटर चालवणेही तितकेच घातक आहे, कारण त्याचा धूर झोपेतच माणूस नेतो.

एक दिवस हे इंजिन थांबेल. सौरपंप आले आहेत, धुराचे नियम कडक होत आहेत आणि ते योग्यच आहे. आपल्या गावावरून जाणारी छिंदवाडा-नागपूर नॅरोगेज गेली, तसे हेही जाईल. पण जोवर आहे तोवर ते नीट चालावे आणि त्याने कुणाच्या जिवाला धोका होऊ नये. यंदा मंडपामागे जनरेटर लागेल तेव्हा तो चालवणाऱ्या पोराला आरतीनंतर प्रसाद आधी द्या, आणि जमले तर त्याला शंतनुरावांची ही गोष्टही सांगा.

गणपती बाप्पा मोरया!